कल्याणचे बंदर, ‘लाइन क्लियर’ आणि सॉकेट : ऐकणाऱ्या टोकाचा इतिहास

१/
इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या बंदरांतून निघालेली ग्रीक गलबते मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्याला लागत. त्यांपैकी एखादे कल्याणच्या खाडीकडे वळले, तर त्याला मोठा धोका संभवत असे. हा धोका वादळाचा किंवा चाच्यांचा नव्हता. गलबतावर पहारा बसवून ते थेट भडोचला नेले जाण्याची शक्यता असे. माल कल्याणसाठी आणलेला, पण उतरायचा मात्र भडोचच्या धक्क्यावर.

२/
ही माहिती ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत आहे. तिच्या अनामिक लेखकाने कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा केला आहे. थोरल्या सारागनसच्या काळात हे शहर अधिकृत, म्हणजे कायद्याने मान्य केलेली बाजारपेठ होते, आणि ते सँडनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारात मोठा अडथळा आला, असे तो सांगतो. सारागनस म्हणजे सातवाहन घराण्यातील एखादा सातकर्णी, असे सामान्यतः मानले जाते. सँडनेस नेमका कोण, यावर विद्वानांत मतभेद आहेत. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या संघर्षात कल्याणचा दरवाजा बंद झाला, हे मात्र स्पष्ट दिसते.

३/
आजचा विषय आहे सी भाषेतील सॉकेट, म्हणजे एका संगणकातील प्रोग्रामने दुसऱ्या संगणकातील प्रोग्रामशी संपर्क साधण्याची रीत. इतिहासाच्या धाग्यात हा विषय कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर कल्याणच्या बंदरातच आहे. जोडणी केवळ निघणाऱ्याच्या इच्छेने होत नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी ऐकत असावे लागते, आणि त्याला ऐकण्याचा अधिकार असावा लागतो. इतिहास निघणाऱ्यांची नावे लक्षात ठेवतो. सत्ता मात्र पुष्कळदा ऐकणाऱ्या टोकाला असते.

४/
प्रथम ‘सॉकेट’ या शब्दाची जन्मकथा. अमेरिकेतील आर्पानेट हे संशोधनजाळे बाल्यावस्थेत होते तेव्हा त्यावर काम करणारे अभियंते आपल्या कल्पना क्रमांकित टिपणांतून एकमेकांना कळवत. मे १९७१ मधील अशा १४७ क्रमांकाच्या टिपणाचे शीर्षकच ‘सॉकेटची व्याख्या’ असे आहे. तार कोठून कोठे जाते, हा तेव्हाचा मुख्य प्रश्न नव्हता. एकाच यंत्रात अनेक प्रोग्राम चालू असताना आलेला संदेश त्यांपैकी नेमका कोणाचा, हे ठरवायचे होते. ज्या जागी बाहेरचा संवाद आतल्या प्रोग्रामला जोडला जातो, ती खोबण म्हणजे सॉकेट.

५/
पुढचा टप्पा कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचा. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी भाषा घडवली होती आणि १९७३ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली त्या भाषेत पुन्हा लिहिली गेली होती. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी/आयपी हे नवे नियम स्वीकारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्कलीची ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली. बिल जॉय, सॅम लेफ्लर आदींच्या त्या कामातून सी भाषेच्या प्रोग्रामरांना काही मोजकी फंक्शने मिळाली. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी आपल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत बहुतेक सर्वत्र तीच पद्धत वापरात आहे.

६/
ही फंक्शने दोन गटांत विभागलेली आहेत. साद घालणारा प्रोग्राम ‘सॉकेट’ म्हणतो, म्हणजे खोबण मागतो, आणि मग ‘कनेक्ट’ म्हणतो. एवढ्यात त्याचे काम भागते. ऐकणाऱ्याचे काम मात्र अधिक आहे. तोही आधी ‘सॉकेट’ म्हणतो. नंतर ‘बाइंड’ करून आपला पत्ता आणि दरवाजाचा क्रमांक ठरवतो, ‘लिसन’ म्हणून दार उघडे असल्याचे जाहीर करतो आणि ‘ॲक्सेप्ट’ म्हणून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आत घेतो. ‘ॲक्सेप्ट’ दर वेळी एक नवे सॉकेट परत देते. मूळ सॉकेट दारावरच राहते आणि संभाषण नव्या सॉकेटवर चालते. म्हणूनच एका दारावर शेकडो पाहुण्यांशी एकाच वेळी बोलता येते.

७/
दरवाजाचा हा क्रमांक म्हणजे पोर्ट. इंग्रजीत हा शब्द बंदरासाठीही वापरतात आणि दारासाठीही. दोन्ही अर्थांची मुळे लॅटिनमधील सख्ख्या शब्दांत आहेत. हा क्रमांक ० ते ६५,५३५ या दरम्यान असतो. संकेतस्थळाचे नेहमीचे दार ८०, सुरक्षित संकेतस्थळाचे ४४३, टपालाचे २५. बर्कलीच्या मंडळींनी येथे एक नियम घातला : १०२४ पेक्षा लहान क्रमांकाच्या दारावर केवळ यंत्राच्या मुख्य प्रशासकानेच बसावे. इतर कोणी तेथे ‘बाइंड’ करू गेला, तर त्याला नकार मिळतो. पेरिप्लसमधील ‘अधिकृत बाजारपेठ’ आठवावी. दार कोणीही बांधू शकेल, पण मान्यता पावलेल्या दारावर बसण्यासाठी राजाचा शिक्का हवा.

८/
आता पाण्यावरून लोखंडी रुळांवर येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे १४ डब्यांची आगगाडी सुमारे ४०० प्रवाशांना घेऊन निघाली. अंतर २१ मैल. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली. पुढे कल्याणला मार्ग दुभागला. एक फाटा थळ घाटाने नाशिककडे गेला, दुसरा बोरघाटाने पुण्याकडे. बंदर म्हणून ज्या कल्याणची ख्याती होती, ते जंक्शन झाले. मात्र रूळ टाकले म्हणजे दोन स्थानके जोडली गेली, असे रेल्वे मानत नाही.

९/
ब्लॉक पद्धतीत मागच्या स्थानकाला गाडी परस्पर पुढे सोडता येत नाही. त्याने आधी पुढच्या स्थानकाला विचारायचे आणि पुढच्याने ‘लाइन क्लियर’ द्यायचे. हा संवाद ब्लॉक यंत्रावरील घंटेच्या ठोक्यांनी चाले. एक ठोका : लक्ष द्या. दोन ठोके : मार्ग मोकळा आहे काय? तीन ठोके : गाडी विभागात शिरली. चार ठोके : गाडी पूर्ण पोहोचली. ऐकणारा तेच ठोके परत वाजवून पोच देतो. आज कल्याण ते मुंबई या उपनगरी मार्गावर स्वयंचलित सिग्नल आहेत, त्यामुळे तेथे हे ठोके ऐकू येत नाहीत. तत्त्व मात्र कायम आहे : पुढची जागा मोकळी असल्याची खात्री झाल्यावाचून गाडी पुढे जात नाही.

१०/
‘कनेक्ट’ म्हटल्यावर जाळ्यात काय घडते ते आता सहज समजेल. साद घालणारा एक छोटे पाकीट पाठवतो : ‘माझा आरंभक्रमांक अमुक.’ ऐकणारा उत्तर देतो : ‘तुझा क्रमांक मिळाला, माझा तमुक.’ मग पहिला पुन्हा कळवतो : ‘तुझाही मिळाला.’ या तीन पावलांनंतरच ‘कनेक्ट’ शून्य परत करते, म्हणजे काम यशस्वी झाल्याचे सांगते. तोवर प्रोग्राम थांबून राहतो. ही तीन पावलांची रीत सुचवणारे अभियंते रे टॉमलिन्सन. ईमेलच्या पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह रूढ करणारेही तेच.

११/
पण दोन पावलांनी भागले नसते काय? नाही. जाळ्यात पाकिटे रेंगाळतात. कधीच संपलेल्या संभाषणाचे एखादे शिळे पाकीट उशिरा येऊन दारावर थापडू शकते. ऐकणाऱ्याने तेवढ्यावरच जोडणी झाल्याचे मानले, तर तो नसलेल्या माणसाशी बोलत बसेल. तिसरे पाऊल हीच खात्री करून देते : समोरचा आत्ता, या क्षणी हजर आहे आणि माझा नवा क्रमांक त्याच्यापर्यंत पोहोचला आहे. रेल्वेतही जुन्या ‘लाइन क्लियर’वर नवी गाडी सोडता येत नाही. प्रत्येक गाडीसाठी परवानगी नव्याने घ्यावी लागते.

१२/
नकाराचेही प्रकार आहेत, आणि सी भाषेत ते वेगवेगळे कळतात. दारावर कोणी ऐकतच नसेल, तर ते यंत्र तत्काळ नकार कळवते. त्रुटी येते ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. वाटेत एखाद्या पहारेकऱ्याने पाकीट मुकाट्याने गिळले, तर कसलेच उत्तर येत नाही. प्रोग्राम वाट पाहत राहतो आणि अखेर ‘टाइम्ड आउट’ होतो. पेरिप्लसमधील प्रकार तिसरा आणि सर्वांत घातक : गलबत पकडून दुसऱ्याच बंदराला नेणे. सॉकेटला हा प्रकार ओळखता येत नाही. ‘कनेक्ट’ यशस्वी झाले, याचा अर्थ कोणीतरी दार उघडले एवढाच. ते योग्य माणसाने उघडले की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी संकेतस्थळांना ओळखपत्रे आणि कूटलेखन यांची वेगळी व्यवस्था पुढे उभारावी लागली.

१३/
नवशिक्याला हमखास चकवणारी आणखी एक गोष्ट आहे : आकड्यांची दिशा. काही संगणक मोठ्या संख्येचा लहान भाग आधी साठवतात, काही मोठा भाग आधी. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या टिपणात या भांडणाला ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील अंडे फोडण्याच्या वादावरून नावे दिली. मराठी माणसाला हा वाद घरचाच वाटेल. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी, वीस नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी चर्चा झाली! जाळ्यात मोठा भाग आधी, असा करार आहे. म्हणून सी भाषेत पोर्टचा क्रमांक ‘एचटॉन्स’ या फंक्शनमधून उलटवून घ्यावा लागतो. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर ते विसरलात, तर ८० क्रमांकाच्या दाराऐवजी २०,४८० क्रमांकाच्या दारावर थाप पडते, आणि तेथे सहसा कोणीही नसते.

१४/
आता मुंबईकडे. १९८६ मध्ये एर्नेट हे शैक्षणिक जाळे उभारण्यास आरंभ झाला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटी, आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, असे आठ भागीदार होते. जुहूच्या एनसीएसटीचे संचालक होते श्रीनिवासन रमाणी. पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेल जाऊ लागले. १९९२ पर्यंत या संस्था सेकंदाला ९.६ किलोबिटच्या भाडेतत्त्वावरील तारांनी जोडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी एनसीएसटीतून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४ किलोबिटचा दुवा सुरू झाला. ९.६ किलोबिट म्हणजे सेकंदाला सुमारे १,२०० बाइट. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह आज तीन बाइट घेते, हे लक्षात घेता हा एवढा धागा त्या तारेवरून जायला अर्धे मिनिट तरी लागले असते.

१५/
सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून सेवा सुरू केली. पण या सेवेत दोन जाती होत्या. महागड्या ‘टीसीपी/आयपी’ खात्यात तुमच्या घरच्या संगणकाला स्वतःचा पत्ता मिळे. स्वस्त ‘शेल’ खात्यात, जे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले होते, तो मिळत नसे. घरचा संगणक केवळ एक पडदा आणि कळफलक म्हणून उरे. खरा प्रोग्राम निगमच्या यंत्रावर चाले आणि काळ्या पडद्यावर अक्षरे तेवढी दिसत. म्हणजे सॉकेट उघडे ते तिकडे. घरी बसलेल्या मुलाने सी भाषा कितीही उत्तम शिकली, तरी आपल्या यंत्रावरून त्याला जगाच्या दारावर थाप मारता येत नव्हती.

१६/
यावर तोडगा निघाला तो सी भाषेतूनच. जगभर अशी शेल खाती होती. त्यांच्यासाठी १९९५ मध्ये डॅनी गॅस्पारोव्स्की यांनी ‘स्लर्प’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो शेल खात्यात बसून घरच्या संगणकाची पाकिटे वाचे, स्वतः सामान्य सॉकेट उघडे आणि आलेले उत्तर घरी पोहोचवे. घरच्या यंत्राला वाटे, आपणच इंटरनेटवर आहोत. आजही आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयूसारख्या प्रणालींत त्याचा वंशज काम करतो. पण स्लर्पलाही एक मर्यादा होती. बाहेर जाणे सोपे, बाहेरच्याने आपल्या घरी येणे अवघड. ‘कनेक्ट’ची सोय झाली. ‘लिसन’चा अधिकार मात्र दारवानाकडेच राहिला.

१७/
ती मर्यादा गेली, असे आपल्याला वाटते. वास्तविक ती अधिक पसरली आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जेमतेम ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा खुला साठा एप्रिल २०११ मध्ये आटला. मग कंपन्यांनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवले. कल्याणचा दूरध्वनी संकेतांक ०२५१ आहे. समजा, तेथील शेकडो घरांना एकच फोन क्रमांक दिला आणि मध्ये एक ऑपरेटर बसवला. प्रत्येकाला बाहेर फोन लावता येईल, पण बाहेरून कोणी तुम्हाला नेमके कसे बोलावणार? या जुन्या पत्त्यांवर आपल्या बहुतेक फोनांची स्थिती हीच आहे. म्हणून दोन शेजाऱ्यांचा निरोपही कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरवरून फिरून येतो, आणि तो सर्व्हर ज्याचा, त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. गलबत कल्याणचे, वाट भडोचवरून.

१८/
उपाय तयार आहे : आयपीची सहावी आवृत्ती. तिचा पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देऊनही साठा संपत नाही. भारतात, विशेषतः मोबाइल जाळ्यांवर, ती मोठ्या प्रमाणात वापरात आली आहे. तरीही वाटेवरचे पहारेकरी बाहेरून येणारी थाप सहसा अडवतातच. काही अंशी ते सुरक्षेसाठी आवश्यकही आहे, कारण उघडे दार म्हणजे चोरालाही वाट. प्रोग्रामरांसाठी यातून एक धडा आहे. ‘गेटहोस्टबायनेम’ हे जुने फंक्शन शिकवणारी पुस्तके अजून फिरतात. त्याऐवजी ‘गेटॲड्रइन्फो’ वापरावे. ते नाव घेऊन दोन्ही पद्धतींच्या पत्त्यांची यादी देते. एका पत्त्यावर दार उघडले नाही, तर पुढच्यावर प्रयत्न करावा. घाट एक बंद असेल, तर दुसऱ्याने जावे.

१९/
कल्याणचे पुढे काय झाले? ते बंदर कायमचे मिटले नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस हा ग्रीक लेखक ‘कल्लिआना’ची गणना मोठ्या व्यापारी बंदरांत करतो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि येथील खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. गलबते तीच होती आणि खाडीही तीच. बदलली ती ऐकणाऱ्या टोकाची सत्ता.

२०/
शेवटी एक प्रयोग, घरच्या घरी करण्याजोगा. एकाच संगणकावर दोन छोटे सी प्रोग्राम लिहा. पत्ता स्वतःच्याच यंत्राचा, १२७.०.०.१. दाराचा क्रमांक १८५४ घ्या, म्हणजे रेल्वे कल्याणला पोहोचल्याचे वर्षही लक्षात राहील, आणि तो १०२४ पेक्षा मोठा असल्याने कोणाच्या शिक्क्याचीही गरज पडणार नाही. मुद्दाम आधी साद घालणारा प्रोग्राम चालवा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसेल. मग ऐकणारा सुरू करा आणि पुन्हा साद घाला. या वेळी दार उघडेल. साद घालणाऱ्या प्रोग्राममधील एकही ओळ बदललेली नसेल. फरक एवढाच, की आता पलीकडे कोणीतरी ऐकत आहे.